डाव्या बाजूचे स्टिकर

लेक भाजी चिरायची सुरी घेऊन मागच्या अंगणात आली, तेव्हाच डिंकरावांचं डोकं फिरलं. ती सरळ सायकलीपाशी जाऊन उकिडवी बसली आणि दांडीवरच्या पोपटाच्या स्टिकरखाली तिने पातं घुसवलं. कर्र असा आवाज झाला. पोपटाची शेपटी निघाली, पोपट राहिला, आणि शेपटीच्या जागी रंगावर एक लांब पांढरी रेघ उमटली.

"निघतंय," लेक म्हणाली.

डोंबल निघतंय, असं डिंकरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. सकाळपासून ते असे पुष्कळ शब्द गिळत होते.

लेक आठवडाभराच्या रजेवर आली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात ती हाडांच्या वॉर्डची सिस्टर होती. रजा आराम करण्यासाठी असते हे तिला कुणी शिकवलेलं नसावं. आल्या आल्या तिने माळा उपसला, मग बापाच्या गोळ्यांचा डबा लावून दिला, मग पडदे धुतले आणि धुवायला काही उरलं नाही तेव्हा तिची नजर सायकलीवर गेली. ही सायकल आहे की जाहिरातींचा खांब, असं तिने विचारलं. तिचं चूक नव्हतं. टूथपेस्ट, चष्म्याचं दुकान, हसरा सूर्य, 'मी रक्तदान केलं', कुठल्याशा पाण्याच्या बाटलीचं लेबल, मुलांच्या वह्यांवर लावतात तसला पोपट. सत्तरी ओलांडलेला माणूस असली सायकल घेऊन बाजारात जातो म्हणजे लोक काय म्हणत असतील?

परस्पर जाऊन ती रंगाऱ्याला भेटली. गडद हिरवा रंग तिने पसंत केला. रंगाऱ्याची अट एकच होती, स्टिकर आणि त्याखालचा गोंद साफ काढून आणायचा, कारण गोंदावर रंग धरत नाही. चार वाजता सायकल दुकानात हवी. घरी येऊन तिने हे बापाला सांगितलं ते वाढदिवसाची भेट द्यावी अशा थाटात. "चालवताच आहात तर निदान नीट दिसू दे," ती म्हणाली, आणि डिंकरावांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्या स्टिकरांखाली काय आहे हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

बायको गेली त्याच वर्षी ते सायकलीवरून पडले होते आणि मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हा लेक धावत आली, प्लास्टर उतरेपर्यंत राहिली आणि निघताना दारात उभं राहून तिने बजावलं होतं, की पुन्हा एकदा जरी पडलात तर मला कळवायचं आणि सायकल त्या दिवसापासून बंद. डिंकरावांनी मान डोलावली होती. त्यानंतर ते पुन्हा पडले. मग आणखी पडले. चक्कर म्हणावी अशी चक्कर नव्हती ती. नुसता एक झोका यायचा, रस्ता डावीकडून वर उचलल्यासारखा वाटायचा, आणि पुढच्या क्षणी सायकल अंगावर. हाड कधी मोडलं नाही. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, ते बाहीखाली आणि पायजम्याखाली झाकलं गेलं. उरली सायकल. तिच्यावरचा ओरखडा झाकायला पहिल्यांदा त्यांना चष्म्याच्या दुकानातला फुकटचा स्टिकर सापडला, आणि मग तीच रीत पडली. पडले की स्टिकर. पुढे एकाच बाजूला एवढे स्टिकर बघून कुणाला शंका यायला नको, म्हणून त्यांनी उजव्या बाजूलाही तेवढेच लावून टाकले. पोपट हा त्यांतलाच, बिचारा काही न झाकणारा.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? तर डिंकरावांचा उजवा गुडघा साफ कामातून गेला होता. पायी चालताना ते दर पावलाला एका बाजूला असे कलायचे की समोरून येणारा माणूस बाजूला सरकून वाट द्यायचा. कुणी हात पुढे करायचं. कुणी विचारायचं, काका, सोडू का घरी? या विचारण्याचा त्यांना भयंकर वैताग यायचा. सायकलीवर बसलं की हे सगळं संपायचं. सायकलीवरचा माणूस लंगडा आहे की धडधाकट हे कुणाला कळत नाही. बाजार, वाचनालय, जुन्या मित्राचं घर, सगळीकडे ते सायकलीवरून जायचे आणि उतरल्यावर तिच्याच हँडलला धरून ऐटीत उभे राहायचे. सायकल गेली तर उरलेलं आयुष्य लोकांच्या हातांना नको म्हणण्यात जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

म्हणून सकाळपासून त्यांनी नाना प्रकारे मोडता घालून पाहिला. रंगारी लबाड आहे. हिरवा रंग आपल्याला आवडत नाही. स्टिकर आपण हौसेने लावलेत. शेवटी कंबर धरली आहे असंही सांगून पाहिलं, तर लेकीने त्यांच्या पाठीला मलम चोळलं आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

मग मात्र तिचं काम बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की घाबरण्याचं काहीच कारण नाही. या पोरीला स्टिकर काढता येत नाही. वॉर्डात चिकटपट्टी काढावी तसा ती प्रत्येक स्टिकर एका झटक्यात ओढत होती, आणि प्रत्येक स्टिकर वरचा कागद तिच्या हातात देऊन खालचा थर तिथेच ठेवत होता. ठेवणारच. स्टिकरच्या स्वतःच्या गोंदावर डिंकरावांचा कधीच विश्वास नव्हता, त्यांनी प्रत्येकाच्या पाठीला पंक्चरचं सोल्युशन लावून, कडा अंगठ्याने दाबून, वर ओलं फडकं फिरवून ते बसवले होते. चाळीस वर्षं औषधाच्या कारखान्यात लेबलं चिकटवलेला माणूस होता तो. डिंकराव हे नाव तिथलंच. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. मशीन येण्याआधी ते बाटलीला हाताने लेबल लावायचे, आणि खोकल्याची बाटली संपेल, खोकला जाईल, पण लेबल जागचं हलणार नाही अशी त्यांची ख्याती होती. चुकीचं लागलेलं लेबल न फाडता उतरवायचं कामही त्यांच्याकडेच असायचं.

तेव्हा करायचं एवढंच होतं, की गप्प बसायचं. ती खरवडून खरवडून कंटाळेल, चार वाजतील, रंगाऱ्याकडे जायचं राहील, रजा संपेल. सायकल वाचली. डिंकराव खुर्ची ओढून सावलीत बसले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

पण तोंडासमोर पेपर धरला म्हणून कान बंद होत नाहीत. आधी कपड्याचा साबण आला. मग भांडी घासायची तारेची घासणी आली आणि तिने जे घासायला सुरुवात केली, ते ऐकून डिंकरावांच्या दातांना कळ लागली. गोंदाचा काळपट चिखल झाला आणि दांडीभर पसरला. त्याला आता बोटं चिकटत होती, बोटांना फडकं चिकटत होतं, फडक्याला अंगणातली माती. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून वाकून बघत होत्या. त्यांनी सुचवलं की कणीक चोळून बघ, सगळं ओढून घेते. लेकीने तेही केलं. डिंकरावांनी पेपराआडून बघितलं आणि पुन्हा बातमीत डोकं घातलं. एकच ओळ ते किती वेळ वाचत होते कुणास ठाऊक.

मग लेक आतून नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आली.

"त्याने रंग जाईल," डिंकराव पेपराआडून म्हणाले. एवढंच. एवढं तर कुणीही म्हणेल.

"जाऊ दे की. नवा द्यायचाच आहे."

"अगं, अर्धा जाईल आणि अर्ध्याचे पोपडे राहतील. मग त्यावर नवा रंग काय बसेल?"

"मग काय करू सांगा ना," लेक वैतागून म्हणाली. केसांत कणीक, हातांना चिखल, गालाला गोंद. "तासभर मी इथे बसलेय. तुम्हाला येतं ना हे? चाळीस वर्षं तेच केलंत ना? पण नाही. पेपर वाचत बसा."

तिने बाटलीचं बूच उघडलं, कापसावर ओतलं आणि हसऱ्या सूर्याच्या उरलेल्या अर्ध्या तोंडावर कापूस दाबला. निळसर पाणी ओघळलं. त्याबरोबर ती पुन्हा सुरी घेऊन, कोपऱ्यातून नव्हे तर भलतीकडूनच, मधोमध टोचायला लागली.

आणि डिंकरावांना राहवेना. खरं सांगायचं तर सायकल, गुडघा, लेकीला दिलेला शब्द, यातलं काहीही त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं, की काम वाईट चाललंय.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ तिथून. सुरी ठेव आत. पाणी तापव, उकळू नको, हाताला सोसेल एवढंच. जाडसर टॉवेल आण. आणि खायचं तेल वाटीत."

पुढचा अर्धा तास बघण्यासारखा होता. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांनी टूथपेस्टच्या स्टिकरभोवती गुंडाळला आणि लेकीने हात पुढे केला तो चापट मारून मागे सारला. थांबायचं, ते म्हणाले. हे सगळं काम थांबण्याचं आहे. गोंदाला ऊब लागली की तो आपणहून सैल होतो, त्याच्याशी मारामारी करायची नसते. मग टॉवेल काढला, नखाने एक कोपरा उचलला आणि स्टिकर वर न ओढता, स्वतःवरच दुमडून आडवा, अगदी सावकाश मागे नेला. तो अख्खा निघाला. राहिलेल्या चिकटाला तेल लावून त्यांनी अंगठा गोल गोल फिरवला, तशा चिकटाच्या बारीक वळ्या झाल्या आणि गळून पडल्या. वरून साबणाचं फडकं. खालचा जुना निळा रंग चकचकीत निघाला.

लेक बघतच राहिली. तुमच्याकडून हे कधी शिकलेच नाही, असं ती म्हणाली, आणि डिंकरावांची छाती फुगली. त्यांनी तिच्या हातात टॉवेल दिला, तिच्याकडून पोपट काढवून घेतला, कोपर खाली ठेव, घाई नको, असं सांगत राहिले. उजवी बाजू संपली. लेकीचा हात चांगला होता. पट्ट्या बांधणारा हात, शिकायला वेळ लागला नाही.

"इथला रंग तर छान आहे की," ती म्हणाली. "माझ्या सुरीचं सोडलं तर कुठे काही खरचटलेलंही नाही. कशाला लावले होतेत हो एवढे?"

"हौस," डिंकराव म्हणाले. हे म्हणताना त्यांना कळलं की आपण काय करून बसलो आहोत.

लेकीने सायकल वळवली. डावी बाजू उन्हात आली.

थांब म्हणायला हवं होतं, पण थांबवायचं कोणत्या तोंडाने? टॉवेल गरम होता, हात शिकलेला होता आणि पाणी त्यांनीच तापवायला सांगितलं होतं. चष्म्याच्या दुकानाचा स्टिकर सुंदर निघाला, त्यांनी स्वतः काढला असता तसा. खाली वीतभर ओरखडा होता. रंग जाऊन लोखंड दिसत होतं.

"भिंतीला घासली असेल," डिंकराव म्हणाले.

लेकीने दुसरा काढला. तिसरा काढला. रक्तदानाखाली पोचा होता. पुढे ती वेगात काढत गेली, पण फाडला एकही नाही. मग तिने पेडल हाताने फिरवून बघितलं. ते वाकलेलं होतं. हँडलचं डावं टोक झिजलेलं होतं, त्यावरून तिने बोट फिरवलं. वॉर्डात पेशंट आला की ती असंच करत असणार, आधी नुसतं बघायचं.

"सगळं डावीकडेच," ती शेवटी म्हणाली. "बाबा, बाही वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

डिंकरावांनी बाही वर केली नाही. ते कोपर पोटाशी धरून खुर्चीत बसून राहिले. लेकीने जबरदस्ती केली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. ती रागावली असती, ओरडली असती तर त्यांना ओरडता आलं असतं.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू सायकल नेली असतीस."

"हो. नेली असती."

"मग?"

"मग काय, बाबा? माझ्या वॉर्डात तुमच्या वयाचे लोक येतात ना, ते चालत येत नाहीत. आणि परत जातात त्यांतले कितीतरी चालत जात नाहीत. मी रोज तेच बघते आणि रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करते. तुम्ही म्हणता, सगळं ठीक. मी विश्वास ठेवते." तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं आणि तिथे तेल लागलं.

डिंकरावांनाही राग आला. राग कुणाचा ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. ते म्हणाले, की तुला चालताना लोक हात देतात का? कुणी तुला रस्ता ओलांडून देतं का? मी मागितलेला नसताना माझा दंड धरतात, माझी पिशवी हातातून काढून घेतात, आणि वर मीच थँक्यू म्हणायचं. सायकलीवर मला कुणी बघत नाही. तेवढाच काय तो दिवसातला वेळ मी म्हातारा नसतो.

लेकीने टॉवेल पिळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. खालच्या तिरक्या नळीवर एकच स्टिकर उरला होता, कारखान्यातल्या खोक्यांवरचा, 'नाजूक माल, सावकाश हाताळा' असं छापलेला. सगळ्यांत मोठा.

"हा तुम्ही काढा," ती म्हणाली. "नाही काढलात तरी चालेल. मी पुन्हा विचारणार नाही. सायकल नेणारही नाही. मला कंटाळा आलाय बाबा, तुमच्यावर पहारा करायचा."

ती आत गेली. नळाखाली हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

डिंकराव सायकलीसमोर बसून होते. स्टिकर उत्तम बसला होता, कुठे कड सुटलेली नव्हती. त्याच्याखाली काय आहे हे त्यांनी लावल्यापासून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मागून येणारा टेम्पो थांबला होता. ड्रायव्हरने खाली उतरून त्यांना उचललं तेव्हा तो माणूस थरथरत होता, आणि त्यांनीच त्याला धीर दिला होता, काही झालं नाही, जा, असं. घरी येऊन त्यांनी आधी स्टिकर शोधला आणि मग जखम धुतली. त्या क्रमाची आत्ता त्यांना लाज वाटली.

टॉवेल निवत आला होता. त्यांनी तो पुन्हा गरम पाण्यात बुडवला, पिळला आणि नळीभोवती गुंडाळला. थांबले. मग कोपरा उचलला.

लेक तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा स्टिकर अख्खाच्या अख्खा खुर्चीच्या हातावर पडला होता आणि डिंकराव अंगठ्याने तेल चोळत होते. नळी जिथे आत दबली होती तिथे अंगठा खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. लेक शेजारी बसली आणि तिने फडक्याने पुसायला घेतलं. चाराला अजून वेळ होता. दोघांनी मिळून साबण फिरवला.

रंगाऱ्याकडे सायकल मी नेतो, असं डिंकराव म्हणाले. लेकीने चपला घातल्या. दारातून बाहेर पडल्यावर सवयीने त्यांचा डावा पाय पेडलकडे गेला, तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि हँडल धरून ते चालायला लागले. रस्त्यात गर्दी होती. दर पावलाला त्यांचं अंग कलत होतं आणि सायकल त्याबरोबर कलत होती. शाळेतून येणाऱ्या एका बाईंनी पंक्चर झालं का म्हणून विचारलं. डिंकराव नाही म्हणाले आणि तसेच पुढे निघाले.

रंगारी भला माणूस होता. त्याने सायकल आडवी करून सगळीकडून बघितली आणि एवढा स्वच्छ चिकट कुणी काढला ते विचारलं. मग डाव्या बाजूवरून हात फिरवत तो म्हणाला, "काका, पोचे बरेच आहेत. पुट्टीने बुजवून घासून घेऊ का? वरून रंग बसला की काही दिसणार नाही."

"नको," डिंकराव म्हणाले. "आहे तसा राहू दे. नुसता रंग द्या."

"दिसतील हं ते."

"दिसू द्या."

रंगाऱ्याने खांदे उडवले. चार दिवसांनी न्या, पण रंग पक्का होईपर्यंत आठवडाभर चालवू नका, असं तो म्हणाला.

"चालवणार नाहीच आहे," डिंकराव म्हणाले. "मला ती धरून चालायला हवी आहे."

रंगाऱ्याने आधी त्यांच्याकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. लेक रस्त्याकडे बघत होती.

"मग रंग कशाला देताय काका?"

"वा. रोज चारचौघांत बरोबर न्यायची, तर नीट नको दिसायला?"

रंगारी हसला आणि सायकल आत घेऊन गेला. डिंकराव दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. हातात धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी हात मागे बांधले, मग सोडले. घरी जायचा रस्ता इथून सरळ होता आणि पुष्कळ लांब दिसत होता.

लेक त्यांच्या उजवीकडे उभी होती. ती मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली. तिने हात पुढे केला नाही. दोघं निघाले.